पिकावर रोग दिसला तर ग्रुपवर विचारायचं कसं? खान्देशातल्या नवीन शेतकऱ्यांसाठी आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी

राम राम मंडळी. तीन वर्षांपूर्वीची जुलैची गोष्ट आहे. माझी कपाशी सव्वा महिन्याची होती, ठिबकवरची, मस्त चाललेली, आणि चार-पाच दिवसांत शेंड्याची पानं लांबोडकी झाली, बोटं फुटल्यासारखी, लांबून बघितलं तर भेंडीचं पान वाटावं. मी घाबरलो, भर दुपारी उन्हात एक फोटो काढला आणि आठशे माणसांच्या ग्रुपवर टाकून दिला, खाली फक्त एवढं लिहिलं, "भो, कपाशीले काय व्हयनं? उपाय सांगा."

अर्ध्या तासात चाळीस उत्तरं. कोणी म्हणे व्हायरस आहे उपटून फेका, कोणी म्हणे पांढरी माशी, कोणी म्हणे झिंक कमी पडलं, दोघा-तिघांनी नुसते बाटल्यांचे फोटो टाकले. मी आठ दिवसांत तीन फवारण्या केल्या, औषध आणि मजुरी धरून साडेपाच हजार गेले आणि पानं होती तशीच. मग चोपड्याकडच्या एका तात्यांनी उत्तर दिलंच नाही, तीन प्रश्न विचारले. सगळ्या वावरात आहे का एका बाजूला? याच्या आधीची फवारणी कधी केली? पंप कोणाचा होता?

पंप चुलतभावाचा होता. त्याने त्याच पंपाने मक्यात टू-फोर-डी मारलेलं होतं, पंप नुसत्या पाण्याने खळबळून दिला होता. कपाशी या तणनाशकाला इतकी नाजूक आहे की पंपात, नळीत राहिलेल्या थोड्याशा अंशानेही पानं अशी होतात, शेजारच्या वावरातून वाऱ्याने उडून आलं तरी होतात. माझ्याकडे रोग नव्हताच, कीडही नव्हती. आणि ही गोष्ट त्या फोटोवरून कोणाला कळणार होती? फोटोत पंप थोडाच दिसतो.

आता मी दोन ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे, एक कपाशी-मक्याचा आणि एक केळीचा, आणि रोज हेच बघतो, फोटो असतो पण हकीकत नसते. नवीन पोरं, शहरातून परत येऊन शेती करणारे, वडिलांनंतर एकट्याने वावर बघणाऱ्या ताया, सगळे तसंच विचारतात जसं मी विचारलं होतं. त्यांच्यासाठी हे लिहितोय, जरा लांब होईल पण पूर्ण वाचा.

आधी हे जवळ ठेवा

- मोबाईल, आणि लेन्स पुसायला सुती फडकं (वावरात लेन्सवर धूळ आणि घामाचा हात लागलेला असतोच)
- पांढरा कोरा कागद, एक रुपयाचं नाणं, आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं
- चाकू किंवा विळा
- वही, ज्यात लागवडीची तारीख, खताचे डोस, प्रत्येक फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव लिहिलेलं असेल
- बियाण्याची रिकामी पिशवी, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, आणि दोन्हीचं पक्कं बिल
- माती परीक्षण केलेलं असेल तर त्याची पत्रिका

यातली वही सगळ्यात महत्त्वाची. मी त्या वर्षी वही ठेवली असती तर पंपाची गोष्ट पहिल्याच दिवशी आठवली असती.

१. ग्रुप निवडताना

ग्रुप पाच-सहा प्रकारचे असतात. गावचा ग्रुप, पिकाचा ग्रुप, कृषी सहायकांनी (आता पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी) किंवा कृषी विज्ञान केंद्राने केलेला ग्रुप, दुकानदाराचा ग्रुप, कंपनीच्या माणसाचा ग्रुप, आणि फेसबुक-टेलिग्रामवरचे राज्यभराचे मोठमोठे ग्रुप. दुकानदाराच्या ग्रुपमध्ये राहायला हरकत नाही, मीही आहे, चांगली माहिती येते, फक्त तिथे शेवटचं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या बाटलीचं असतं हे लक्षात ठेवायचं.

आपल्या भागाचा ग्रुप आधी. का सांगतो, आपल्याकडे बागायती कपाशी पाऊस पडायच्या आधीच ठिबकवर लागते, विदर्भातली बरीच कपाशी पावसावर पेरलेली. त्यांच्याकडे पातं (फुलाची कळी) लागतं तेव्हा आपल्याकडे बोंडं असतात. केळीचंही तसंच, रावेर-यावलकडे मृगबाग (जून-जुलैची लागवड) आणि कांदेबाग (ऑक्टोबरच्या आसपासची) म्हटलं की ऐकणाऱ्याला लागवडीचा हंगाम लगेच कळतो आणि झाडाचं वय, त्या वेळचं हवामान सगळं डोळ्यासमोर येतं, बाहेरच्या ग्रुपवर हेच समजावण्यात दहा मेसेज जातात. नंदुरबारच्या मिरचीवाल्यांनी आणि शहाद्याच्या पपईवाल्यांनी आपापल्या पिकाचेच ग्रुप धरावेत.

एक ग्रुप गावाजवळचा, एक पिकाचा, एक सरकारी माणूस असलेला. तीन बास झाले. वीस ग्रुपवर तोच फोटो टाकला की वीस उपाय येतात आणि डोकं बंद पडतं.

२. फोटो काढायच्या आधी वावरात फिरा

ही पायरी सगळे चुकवतात. बांधावरून जे झाड दिसलं त्याचा फोटो काढतात. असं नका करू. आधी बघा की त्रास कुठे आहे आणि कसा पसरलाय.

एकाच ओळीत असेल तर ठिबकची नळी बघा, ड्रिपर चोकअप झालेत का, व्हॉल्व्ह कोणता होता. फक्त शेजारच्या बांधाकडच्या चार-पाच ओळींत असेल तर शेजारच्याने काय फवारलं ते विचारा. खोलगट जागेत, जिथे पाणी साचतं तिथेच असेल तर मुळाकडे बघा. इथे एक झाड, तिथे एक झाड, मधली सगळी चांगली, असं असेल तर मर (झाड सुकून मरायचा रोग) किंवा व्हायरसची शंका येते. सगळ्या वावरात एकसारखं आणि एकाच दिवशी दिसलं तर कीड-रोग सहसा असं करत नाही, तिथे हवामान, खत, पाणी नाहीतर फवारणीतली चूक शोधा.

मग मोजा. पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी चार झाडं बघा, वीसपैकी किती खराब ते वहीत लिहा. "लई अटॅक आहे" यातून काही कळत नाही, "वीसपैकी तीन झाडं" यातून कळतं. गुलाबी बोंडअळीला तर ही मोजणीच कामाची, शिफारसही मोजणीवरच आहे, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडली की फवारणीचा विचार करायचा. सापळ्याचा फोटो टाकताना पतंग किती दिवसांत जमा झाले ते लिहा, नाहीतर आठवड्याचे चाळीस पतंग बघून लोक घाबरतात.

३. फोटो पाच काढा, एक नाही

सकाळी काढा. आपल्याकडे मार्च-एप्रिलपासून दुपारी वेलवर्गीय पिकं, कोवळी केळी माना टाकतात, ते उन्हाने असतं, संध्याकाळी परत उभी राहतात. दुपारच्या फोटोवर मर रोगाचं औषध सांगितलेलं मी कितीदा बघितलंय.

पहिला फोटो वावराचा, दहा-पंधरा पावलं मागे जाऊन. दुसरा पूर्ण झाडाचा, जमिनीपासून शेंड्यापर्यंत. तिसरा खराब पानाचा वरून. चौथा त्याच पानाचा खालून, आणि हा चौथा कोणी काढत नाही, मावा, तुडतुडे, पांढरी माशी, कोळी जास्त करून पानाखालीच बसतात. पाचवा, खराब पानाशेजारी चांगलं पान ठेवून. पानामागे पांढरा कागद धरा, बाजूला नाणं ठेवा म्हणजे डाग केवढा आहे ते कळतं.

पिकाप्रमाणे एक-एक जास्तीचा फोटो लागतो, तो सांगतो.

मिरचीला पान कोणत्या बाजूला वळलंय ते दिसलं पाहिजे. कडा वरच्या बाजूला वळून पान वाटीसारखं झालं तर फुलकिडे, कडा खाली वळून उलट्या होडीसारखं झालं तर कोळी, बहुतेक वेळा असं असतं. पान बारीक होऊन, झाड खुजं राहून गुच्छ झाला तर पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस असू शकतो. तिघांनाही आपण चुरडा-मुरडाच म्हणतो आणि तिघांचा इलाज वेगळा आहे. कोळी हा कीटक नाही, त्याला कोळीनाशकच लागतं. फूल किंवा शेंडा पांढऱ्या कागदावर झटका आणि तो कागद लगेच फोटोत घ्या, फुलकिडे असले तर बारीक पिवळसर तुकडे चालताना दिसतात.

मक्याला पोंग्यातली (मधल्या न उघडलेल्या कोवळ्या पानांतली) अळी काढून कागदावर ठेवा. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके दिसले तर ती अमेरिकन लष्करी अळी. २०१८ ला ही देशात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली, तेव्हा लोकांनी तिला हे वाय आणि ठिपके बघूनच ओळखायला सुरुवात केली. हाताच्या तळव्यावरच्या धूसर अळीच्या फोटोवरून कोणीच सांगू शकत नाही.

केळीला सगळ्यात नवीन पानाचा आणि सगळ्यात खालच्या पानाचा, दोन्ही फोटो पाहिजेत. करपा खालच्या पानांवर सुरू होतो, शिरांना समांतर पिवळसर रेघा, मग तपकिरी ठिपके आणि मध्ये राखाडी. पालाश (पोटॅश) कमी पडलं तर जुन्या पानाच्या कडा टोकाकडून पिवळ्या-नारंगी होऊन वाळतात. आणि सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, तो कोवळ्या पानावर पिवळे पट्टे घेऊन दिसतो, पुढे पोंगा सडतो. झाड पिवळं पडून मान टाकत असेल तर बुंधा उभा चिरून आतला फोटो काढा, आत लालसर-तपकिरी रेषा दिसल्या तर पनामा मर असू शकतो आणि मग पायरी ६ वर सांगितलंय तसंच करा, दुसरं काही करू नका.

कपाशी अचानक सुकली तर एक झाड उपटा, मूळ धुऊन फोटो काढा. मूळ सडलेलं, साल निघणारं असेल तर मूळकुज. मूळ ठणठणीत असेल आणि मोठ्या ताणानंतर जोराचा पाऊस किंवा भरपूर पाणी झालेलं असेल तर आकस्मिक मर, तो रोग नाही, पण पहिल्या एक-दोन दिवसांत पाणी बाहेर काढून आळवणी केली (मुळाशी द्रावण ओतलं) तर झाडं वाचतात, म्हणून अशा वेळी ग्रुपवर उत्तराची वाट बघू नका, सरळ फोन लावा.

फोटो पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं, झूम केलं की नुसते चौकोन दिसतात.

४. हकीकत लिहा

माझ्या ग्रुपवर मी हा नमुना पिन करून ठेवलाय, कॉपी करा आणि बदला:

"पीक कपाशी. लागवड १ जून, ठिबक. गाव यावल तालुक्यात, जमीन भारी काळी. त्रास ४ दिवसांपासून, शेंड्याची पानं लांबट झालीत. वावराच्या उत्तर बाजूच्या ६ ओळींत जास्त, वीसपैकी ११ झाडं. शेवटचं पाणी परवा. खत १५ दिवसांपूर्वी. शेवटची फवारणी ९ दिवसांपूर्वी, औषधाचं नाव अमुक, पंप दुसऱ्याचा. मागच्या आठवड्यात दोन दिवस पाऊस. शेजारी मका आहे. याच्या आधी या वावरात हरभरा होता."

एवढंच. लिहायला पाच मिनिटं लागतात. लिहिता लिहिता अर्ध्या लोकांना स्वतःलाच कारण सापडतं, हे मी खरंच सांगतोय, माझ्याकडे दर आठवड्याला एखादा तरी जण मेसेज अर्धा टाईप करून "दादा राहू द्या, कळलं" म्हणतो.

अहिराणीत बोलून व्हॉइस मेसेज टाकला तरी चालेल, ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी तसंच करावं, फक्त पिकाचं नाव आणि गाव टाईप करा म्हणजे नंतर शोधलं की सापडतं.

रोगाचं नाव स्वतः देऊ नका. "करपा आलाय काय मारू" असं लिहिलं की सगळे करप्याचंच औषध सांगतात, पण कांद्याचा करपा वेगळा, केळीचा वेगळा. लाल्या म्हटलं तरी तेच, कपाशीचं पान मॅग्नेशियम, नत्र कमी पडलं म्हणून लाल होतं, रात्री थंड झाल्या म्हणून होतं आणि तुडतुड्यांनी रस शोषल्यावरही होतं. केळीला थंडीत येणारा चरका लोक करपा समजून फवारत बसतात. जे डोळ्याला दिसतं ते लिहा, नाव दुसऱ्याला ठेवू द्या.

५. आलेली उत्तरं कशी तपासायची

जो आधी प्रश्न विचारतो त्याचं उत्तर आधी वाचा. तात्यांवरून मी हे शिकलो. ज्याला पीक कळतं त्याला फोटो बघितल्यावर शंका येतात, आणि जो दोन मिनिटांत बाटलीचा फोटो टाकतो त्याने बहुतेक तुमचा मेसेज वाचलेलाही नसतो.

बाटलीचा फोटो आला तर त्यावर मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं, त्याच्या खाली बारीक अक्षरात घटकाचं नाव आणि टक्के असतात. ते वाचा. मी बघितलंय, एकाच पोस्टखाली तीन वेगळ्या बाटल्या आल्या आणि तिन्हीत घटक एकच होता, आणि विचारणाऱ्याने दोन एकत्र मारल्या, म्हणजे डबल डोस झाला.

आता सगळ्यात मोठा घोळ सांगतो. "पंपाला ४० मिली टाका." कोणता पंप? कोणाचा १० लिटरचा, कोणाचा १५-१६ लिटरचा हातपंप, कोणाचा २० लिटरचा बॅटरीचा, आणि पॉवर स्प्रेवाल्याचा हिशोबच वेगळा, पाणी कमी आणि औषध घट्ट. तेच ४० मिली एकाकडे बरोबर आणि दुसऱ्याकडे दुप्पट. म्हणून डोस नेहमी लिटरला किती किंवा एकराला किती असा विचारा, आणि शेवटी बाटलीच्या लेबलवरचाच धरा. लेबलवर ते पीक आणि ती कीड छापलेली नसेल तर त्या पिकाला त्या औषधाची शिफारस नाही, मग ग्रुपवर शंभर जणांनी रिझल्ट आला म्हणू द्या. भाजीपाला, मिरची असेल तर फवारणी आणि तोडणीत किती दिवस ठेवायचे तेही लेबलवरच असतं. लोक खातात हो ते.

तीन-चार औषधं एकत्र करून "कॉकटेल" मारायचा सल्ला आला तर सरळ नाही म्हणा. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, आपल्यासारखीच माणसं होती ती. लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग बघा, लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा उतरत्या क्रमाने. मास्क, हातमोजे, अंगभर कपडे, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, उपाशीपोटी नाही. सालदाराला किंवा मजुराला फवारायला पाठवत असाल तर ही सगळी जबाबदारी तुमची. आणि कोणाला मळमळ, चक्कर, जास्त घाम यायला लागला तर ग्रुपवर उपाय विचारत बसू नका, बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा, लेबल बघितलं की डॉक्टरला कळतं काय पोटात-अंगात गेलंय.

व्हायरस असेल तर त्याच्यावर औषध नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. व्हायरस घालवतो म्हणणारा कोणीही असो. केळीच्या हरण्याला बाधित झाड मुळासकट काढून नष्ट करायचं, मावा आटोक्यात ठेवायचा आणि बागेत-बांधावर काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, वांगं ठेवायचं नाही कारण व्हायरस त्यांच्यावरही राहतो. झाड काढायला जीव होत नाही, मला माहीत आहे, घरच्या केळीची बावन्न झाडं मी स्वतः काढलीत. पण एक झाड दया करून ठेवलं तर मावा तिथूनच पुढे घेऊन जातो.

६. ग्रुपवरून बाहेर पडून खात्री करा

ग्रुपवर अंदाज मिळतो, खात्री करायला माणसाकडे जावं लागतं. आपल्याकडे जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. कृषी विज्ञान केंद्र जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल इथे, तसंच धुळ्याला आणि नंदुरबारला कोळद्याला आहे. गावचे कृषी सहायक असतातच, क्रॉपसॅपसाठी (राज्याचा कीड-रोग पाहणी आणि सल्ल्याचा प्रकल्प) कीड-रोगाची निरीक्षणं राज्यात २००९-१० पासून घेतली जातात, म्हणजे तुमच्या भागात आत्ता काय चाललंय ते त्यांना कळलेलं असतं. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, फुकट, मराठीत बोलतात. फोन करताना वही समोर ठेवा, पायरी ४ मधलेच प्रश्न ते विचारतात.

अ‍ॅपही आहेत. प्लांटिक्स आहे, राज्याच्या कृषी विभागाचं महाविस्तार आहे, केंद्र सरकारने २०२४ च्या १५ ऑगस्टला कीड ओळखायचं एनपीएसएस आणलं. वापरा, नवीन माणसाला नाव कळायला चांगले आहेत, पण माझ्या त्या कपाशीसारख्या भानगडीत अ‍ॅपही फोटोच बघतं, पंप नाही बघत.

नमुना न्यायचा असेल तर सकाळी काढा, वर्तमानपत्रात गुंडाळा, ओल्या प्लास्टिक पिशवीत बांधलं की पोचेपर्यंत सडतं आणि तिथे कोणाला काही ओळखता येत नाही. थोडं खराब, थोडं चांगलं असं झाड न्या, पूर्ण मेलेलं नाही. चिठ्ठीवर पीक, तारीख, गाव.

पण केळीत पनामाची शंका असेल तर झाड उपटून गाडीवर टाकून तालुक्याला न्यायचं नाही. तो मातीतून पसरतो, बुटाला, विळ्याला, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून दुसऱ्याच्या बागेत जातो. फोटो पाठवा, केंद्राच्या माणसांना बोलवा, तोपर्यंत त्या झाडाकडे पाणी वाहू देऊ नका आणि ग्रुपवर वाचून बघायला येणाऱ्यांना बागेत शिरू देऊ नका.

७. फसू नका

डबल बाणाचा, अनेक वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज आला तर तारीख आणि गाव शोधा. नसेल तर पुढे पाठवू नका. जुने फोटो दर हंगामात फिरतात, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातली बाग "रावेरची बाग" म्हणून येते आणि व्यापारी भाव पाडायला तयारच बसलेला असतो.

पीएम किसान किंवा अनुदानाच्या नावाने एपीके फाईल (नावाच्या शेवटी .apk, म्हणजे मेसेजमधून आलेलं अ‍ॅप) आली तर हात लावू नका, ती उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि बँक खातं रिकामं होतं. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली तरी नका उघडू, त्याचा फोन गेलेला असू शकतो. फेसबुकवर सातबारा, आधार, मोबाईल नंबर टाकू नका. तुमची पोस्ट बघून कोणी फोन करून "घरपोच औषध पाठवतो, अर्धे पैसे आधी" म्हणाला तर फोन ठेवा.

बियाणं किंवा रोपं खराब निघाली अशी शंका आली तर ग्रुपवर नाव घेऊन शिव्या देण्याने काही मिळत नाही. पिशवी, टॅग, बिल घेऊन तालुक्याला कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, तक्रार निवारण समिती वावरात येऊन पाहणी करते. लवकर द्या, पीक उभं असताना.

८. गच्चीवाल्या ताई-दादांसाठी

जळगाव, भुसावळ, धुळ्याचे बरेच जण कुंडीतल्या झाडांचे फोटो शेतीच्या ग्रुपवर टाकतात. टाका, पण "कुंडीत आहे, खायचं आहे" हे पहिल्या ओळीत लिहा. शेतकरी सवयीने वावराचं औषध सांगतो आणि ते तुळशीवर, कढीपत्त्यावर जायला नको, मुलं तोडून तोंडात टाकतात.

मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशापर्यंत पारा जातो, गच्चीची फरशी वेगळीच तापते. पानाच्या कडा वाळणं, मधेच पांढरट भाजल्यासारखे डाग हे त्या काळात उन्हाने असतं, आधी हिरवी जाळी लावा, कुंडी फरशीवरून उचलून विटेवर ठेवा. लिंबाच्या पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा म्हणजे नागअळी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराची, हाताने उचलली तरी काम होतं. जास्वंदीवर कापसासारखं चिकटलेलं दिसलं तर पिठ्या ढेकूण, पाण्याच्या जोराच्या धारेने धुवा, साबणाचं पाणी मारायचं असेल तर आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा.

९. पुढे काय झालं ते कळवा

ज्या झाडाचा फोटो टाकला त्याला लाल चिंधी बांधून ठेवा. आठ दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी त्याच झाडाचा, त्याच बाजूने फोटो काढा आणि जुन्या मेसेजला रिप्लाय करून टाका, काय केलं आणि काय झालं. फरक पडला नाही तरी टाका, ते तर आवर्जून टाका. आमच्या ग्रुपवर शंभर जण विचारतात आणि परत येऊन सांगणारे चार-पाच असतात, त्यामुळे कोणता उपाय लागू पडला हे कोणालाच कळत नाही आणि पुढच्या वर्षी सगळे परत पहिल्यापासून सुरू.

माझ्या त्या कपाशीला नंतर मी काहीच फवारलं नाही. तात्यांच्या सांगण्यावरून पाणी आणि हलकं खत वेळेवर दिलं, आणि तणनाशकाला वेगळा पंप घेतला, त्याच्यावर लाल रंगाने फुली मारलीये. बावीस दिवसांनी नवीन फुटव्याला सरळ पानं आली तो फोटो मी त्याच पोस्टखाली टाकला, खाली पंपाची सगळी हकीकत लिहिली. गेल्या जुलैमध्ये पारोळ्याकडच्या एका पोराने अगदी तसलाच फोटो टाकला, भेंडीसारखी पानं. पहिलं उत्तर व्हायरस, दुसरं टॉनिक, आणि तिसरं कोणीतरी माझी जुनी पोस्ट काढून चिकटवली आणि विचारलं, दादा पंप कोणाचा होता? त्याने दहा मिनिटांनी लिहिलं, मामाचा.